सतरावा बिट : जुन्या गेमपॅडसाठी लिनक्स ड्रायव्हर लिहिताना

काम सांगायला एका ओळीचं होतं. लिनक्सवर चालणाऱ्या एका छोट्या बोर्डाला सुपर निंटेंडो या जुन्या गेम कन्सोलच्या पॅडची दोन सॉकेटं जोडलेली होती. त्यात पॅड खुपसला की तो बाकी कुठल्याही गेमपॅडसारखा सिस्टिमला दिसायला हवा होता. मध्ये यूएसबी अडॅप्टर नको, वेगळा मायक्रोकंट्रोलरही नको. बोर्डाच्या जीपीआयओ पिना (प्रोग्रॅमला वर-खाली करता किंवा वाचता येणाऱ्या साध्या पिना) थेट पॅडच्या तारांना जोडलेल्या आणि वर कर्नेलमधला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातला, ड्रायव्हर.

तारा वाचायला एक संध्याकाळ लागली. उरलेले सगळे दिवस दोन प्रश्नांत गेले. पॅड जागेवर आहे की नाही हे ड्रायव्हरने सांगावं का, आणि "ए" बटण म्हणजे नेमकं कोणतं? कोड बघितला तर दोन्हीचं उत्तर चार-पाच ओळींचं आहे, पण तिथवर पोचताना मी दोन वेळा चुकले. त्या चुकांसाठीच हे सविस्तर लिहितेय.

पॅड बोलतो कसा

सुपर निंटेंडो जपानमध्ये १९९० साली आला. त्याच्या पॅडला सात पिनांचा कनेक्टर असतो, पण कामाच्या तारा पाचच: वीज, क्लॉक, लॅच, डेटा आणि ग्राउंड. पॅडमध्ये शिफ्ट रजिस्टर असतं, म्हणजे साठवलेले बिट एकामागून एक बाहेर ढकलणारी चिप. निंटेंडोच्याच आधीच्या एनईएस कन्सोलच्या पॅडमध्ये ४०२१ ही आठ बिटांची साधी चिप होती, आणि सुपर निंटेंडोचा पॅड तशाच दोन चिपा एकापुढे एक लावल्यासारखा वागतो. लॅचची तार १२ मायक्रोसेकंद वर नेली (वर म्हणजे तारेवर व्होल्टेज, खाली म्हणजे शून्य) की त्या क्षणी दाबलेली बटणं रजिस्टरमध्ये गोठतात. मग क्लॉकच्या प्रत्येक ठोक्याला एकेक बिट डेटाच्या तारेवर येतो. क्रम ठरलेला आहे: बी, वाय, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, ए, एक्स, एल, आर आणि शेवटी ओळखीचे चार बिट. बटण दाबलेलं असेल तर तार खाली, सुटलेलं असेल तर वर.

या रचनेतली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे तिचा संयम. क्लॉक आपण देतो, त्यामुळे दोन ठोक्यांच्या मध्ये कर्नेलला दुसरं काम आलं आणि शंभर मायक्रोसेकंद उशीर झाला, तरी रजिस्टर वाट बघत बसतं. निंटेंडो ६४च्या पॅडचं तसं नाही. तिथे एकच डेटाची तार, एक बिट ४ मायक्रोसेकंदांचा, त्यात ३ खाली आणि १ वर म्हणजे शून्य, १ खाली आणि ३ वर म्हणजे एक. पॅड एकदा बोलायला लागला की थांबत नाही. वेळ इतका काटेकोर असल्यामुळेच कर्नेलमधल्या पॅरलल पोर्टच्या जुन्या गेमकॉन ड्रायव्हरला त्या पॅडला विनंती पाठवताना इंटरप्ट (प्रोसेसरला मध्येच दुसऱ्या कामाकडे ओढणारे इशारे) बंद ठेवावे लागतात. आमचा पॅड तसा नव्हता, हे नशीबच.

विजेचं एक सांगून टाकते, कारण इथे चूक झाली तर बोर्ड जातो. मूळ कन्सोल पॅडला ५ व्होल्ट देतो. आमच्या बोर्डाच्या पिना ३.३ व्होल्टच्या, त्याहून जास्त त्यांना सोसत नाही. ४०२१च्या जातीच्या सीमॉस चिपा ३ व्होल्टपासून चालतात, फक्त थोड्या मंद होतात, आणि १२ मायक्रोसेकंदांच्या क्लॉकला तो मंदपणा जाणवतसुद्धा नाही. म्हणून पॅडलाच ३.३ व्होल्ट दिले. मध्ये व्होल्टेज बदलणाऱ्या लेव्हल शिफ्टर चिपची गरज पडली नाही.

एसपीआय बसचाही (क्लॉकच्या ठोक्यांवर बिट हलवणारी बोर्डावरची तयार सोय) विचार केला होता. क्लॉक निवांत असताना वर आणि वाचन खाली जाणाऱ्या कडेवर, म्हणजे एसपीआयचा मोड २ बरोबर बसतो, आणि प्रोसेसरला एकेक बिट मोजत बसावं लागत नाही. पण आम्हाला दोन पॅड एकाच वेळी वाचायचे होते. जीपीआयओवर लॅच आणि क्लॉक सामाईक ठेवून डेटाच्या फक्त दोन तारा वेगळ्या ठेवता येतात, म्हणजे दोन पॅडना एकाच पॅडइतका वेळ लागतो. शिवाय बोर्डावरचा एसपीआय पडद्याने आधीच घेतला होता.

शेवटचा बिट कायम दाबलेला

आधी यूजरस्पेसमध्ये, म्हणजे कर्नेलच्या बाहेर, छोटा प्रोग्रॅम लिहिला: जीपीआयओ वाचायचं आणि यूइनपुट या कर्नेलच्या सोयीतून खोटा गेमपॅड उभा करायचा. ही पायरी मी कधीच टाळत नाही. कर्नेलमध्ये चूक झाली तर मशीन अडकतं; इथे प्रोग्रॅम बंद करून पुन्हा चालवता येतो. बटणं दिसू लागली, पण सगळी एक घर सरकलेली. वाय दाबलं की बी, सिलेक्ट दाबलं की वाय. खुद्द बी दाबलं तर काहीच नाही.

कारण लगेच सापडलं. लॅच खाली आणल्याबरोबर पहिला बिट तारेवर तयार असतो. मी आधी क्लॉकचा ठोका देत होते आणि मग वाचत होते, त्यामुळे पहिला बिट वाचण्याआधीच निघून जात होता. क्रम उलटा केला, आधी वाचन आणि मग ठोका, की सगळं जागेवर आलं.

पण चुकीच्या आवृत्तीच्या लॉगमध्ये एक गोष्ट राहून गेली होती. तेव्हा कच्चे सोळा बिट छापले, तर शेवटचा बिट कायम "दाबलेला" यायचा. पॅडला हात लावा किंवा लावू नका. तो ओळखीच्या चार बिटांतला असल्याने बटणांवर परिणाम नव्हता आणि मी दुर्लक्ष केलं होतं. क्रम सुधारल्यावर तो नाहीसा झाला. चूक गेली म्हणून लक्षणही गेलं, एवढ्यावर सोडून देता आलं असतं. पण लक्षण का होतं हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही, आणि या प्रकरणात पुढे जे घडलं ते या हट्टामुळेच.

एक घर सरकून वाचत होते, म्हणजे माझा सोळावा बिट हा खरा सतरावा होता. सोळा बिटांनंतर पॅडकडे सांगायला काही उरत नाही, मग तो काय पाठवतो? शिफ्ट रजिस्टरमधून एकेक बिट बाहेर पडतो तसा मागच्या टोकाने एकेक आत येतो. मूळ पॅडमध्ये ते मागचं टोक ग्राउंडला बांधलेलं असतं. त्यामुळे सतराव्या बिटापासून पुढे तार खालीच राहते, जणू सगळं दाबलेलं आहे. ओळखीचे चार बिट मात्र वर असतात. चार वर आणि लगेच एक खाली, ही पॅडची सहीच म्हणायची.

रिकाम्या सॉकेटातला खेळाडू

मग ड्रायव्हर कर्नेलमध्ये नेला. इनपुट उपप्रणालीत पोलिंगची (ठरावीक अंतराने विचारत राहण्याची) सोय तयारच आहे: आपण वाचणारं फंक्शन आणि मिलिसेकंदांतलं अंतर द्यायचं, बाकी सांभाळलं जातं. कोणी डिव्हाइस उघडलं नसेल तर पोलिंग बंद राहतं, बदल न झालेली बटणं पुढे कळवलीच जात नाहीत. डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे बोर्डावर काय कुठे जोडलंय हे कर्नेलला सांगणाऱ्या वर्णनात, लॅच, क्लॉक आणि डेटाच्या पिना लिहिल्या.

पहिल्याच चाचणीत सगळी बटणं दाबलेली दिसली. डेटाची तार उलट्या तर्काची आहे हे मी डिव्हाइस ट्रीमध्ये लिहिलं होतं, आणि यूजरस्पेसमधल्या सवयीने कोडमध्येही मूल्य उलटवलं होतं. दोनदा उलटलं की सुलट होतं. कोडमधलं उलटवणं काढून टाकलं. तारेचं वर्णन डिव्हाइस ट्रीत असावं आणि ड्रायव्हरने फक्त "दाबलं की नाही" विचारावं, ही विभागणी आहेच चांगली.

एक पॅड नीट चालू लागला. दुसऱ्या सॉकेटात काही नव्हतं, तरी खेळ सुरू केल्यावर दुसरं पात्र स्वतःहून उजवीकडे पळायचं, थांबायचं, उडी मारायचं. रिकाम्या सॉकेटाची डेटाची तार कुठेच बांधलेली नव्हती. ती हवेत लोंबकळत होती आणि शेजारच्या क्लॉकच्या तारेवरचे ठोके तिच्यात उमटत होते. डिव्हाइस ट्रीमध्ये पिनेला पुल-अप (तार वर ओढून धरणारा रेझिस्टर) लावला, तार रिकामी असताना वर राहू लागली, म्हणजे सगळी बटणं सुटलेली. बटण दाबून धरलेलं असताना कोणी पॅड उपटला तरी आता बटण सुटल्याचीच नोंद होते, अडकून राहत नाही. खरं तर इथे हा प्रश्न संपायला हवा होता.

मीच तो संपू दिला नाही. मेनूत "दोन खेळाडू" हा पर्याय दुसरा पॅड असेल तरच दाखवायचा होता, आणि माझ्याकडे सतराव्या बिटाची नवी विद्या होती. सतरावा खाली म्हणजे पॅड आहे, वर म्हणजे पुल-अपने धरलेली रिकामी तार. सुंदर उत्तर होतं. मी एक पाऊल पुढे गेले: सतरावा वर असेल तर त्या पोर्टची बटणं कळवायचीच नाहीत असं लिहिलं.

दोन मूळ पॅडवर ते चोख चाललं. मग चाचणी करणाऱ्या सहकाऱ्याने घरचा एक क्लोन पॅड, म्हणजे दुसऱ्या कोणी बनवलेली मूळ पॅडची नक्कल, आणला. तो पूर्ण मुका. यूजरस्पेसमधल्या जुन्या प्रोग्रॅमवर तोच पॅड व्यवस्थित चालत होता, म्हणून त्याने सरळ विचारलं, "ड्रायव्हर लिहून आपण नक्की काय सुधारलं?" प्रश्न बोचला, पण रास्त होता.

त्या क्लोनमध्ये सोळा बिट बरोबर येत होते, सतरावा मात्र वर. बनवणाऱ्याने रजिस्टरचं मागचं टोक ग्राउंडला बांधलं नव्हतं. यात त्याची चूक म्हणता येणार नाही. कन्सोल नेहमीच्या वाचनात सोळाच बिट घेतो आणि ते सोळा त्याने प्रामाणिकपणे दिले होते. चूक माझी होती. सतरावा खाली असेल तर पॅड नक्की आहे, हे बरोबर. पण तो वर असेल तर पॅड नाही, हे त्यातून निघत नाही. मी एका बाजूने खऱ्या असलेल्या विधानाला दोन्ही बाजूंनी खरं मानलं आणि त्याच्या जोरावर एका चालत्या पॅडचं तोंड बंद केलं.

तो सगळा भाग काढून टाकला. ड्रायव्हर आता सोळाच बिट वाचतो आणि पोर्टमध्ये पॅड आहे की नाही यावर काहीच बोलत नाही. मेनूने प्रश्न माणसालाच विचारला: दुसऱ्या खेळाडूने स्टार्ट दाबावं. दाबलं, की पॅड आहे. याहून पक्का पुरावा नाही, आणि तो क्लोनवरही चालतो.

नाकारण्याची एकच अट मात्र ठेवली, माउसची. याच सॉकेटात बसणारा सुपर निंटेंडोचा माउस ३२ बिट पाठवतो. त्याचे पहिले आठ रिकामे असतात, नववा आणि दहावा त्याची दोन बटणं, नंतरचे दोन संवेदनशीलतेची पातळी. पॅडच्या नजरेने ते वाचलं तर क्लिक म्हणजे ए किंवा एक्स होतं, आणि संवेदनशीलता बदलली की एल किंवा आर दाबून धरल्यासारखं दिसतं. माउसच्या ओळखीच्या चार बिटांतला शेवटचा ठाम खाली असतो. नेमकी तीच खूण दिसली तर ते वाचन सोडून द्यायचं. इथे नकार एका हजर असलेल्या खुणेवर उभा आहे. सतराव्या बिटाच्या वेळी मी खूण गैरहजर आहे म्हणून नाकारत होते.

ए म्हणजे कोणतं ए

दुसरा वाद अधिक लांबला, कारण त्यात दोन्ही बाजूंकडे मुद्दे होते.

सुपर निंटेंडोच्या पॅडवर चार बटणांचा चौकटच्या आकाराचा गट असतो: खाली बी, उजवीकडे ए, वर एक्स, डावीकडे वाय. एक्सबॉक्सच्या पॅडवर खाली ए, उजवीकडे बी, डावीकडे एक्स, वर वाय. लिनक्सच्या इनपुट यादीत दिशांची नावं आहेत, बीटीएन (म्हणजे बटण) साउथ, ईस्ट, नॉर्थ, वेस्ट, आणि त्याच आकड्यांना जुनी अक्षरी नावंही आहेत. बीटीएन ए म्हणजे साउथ, बीटीएन बी म्हणजे ईस्ट. इथवर एक्सबॉक्सची मांडणी. पण बीटीएन एक्स म्हणजे नॉर्थ आणि बीटीएन वाय म्हणजे वेस्ट, ही निंटेंडोची मांडणी! एकाच यादीत अर्धी अक्षरं एका घराण्याची, अर्धी दुसऱ्या.

याचा परिणाम असा की अक्षर बघून ड्रायव्हर लिहिला, पॅडवरच्या ए ला बीटीएन ए आणि बी ला बीटीएन बी, तर एक्स आणि वाय आपसूक योग्य दिशेला पडतात, पण ए आणि बी ची अदलाबदल होते. गेमकॉन ड्रायव्हरमध्ये सुपर निंटेंडोच्या पॅडचं नेमकं असंच आहे. त्याच्या शीर्षावर १९९९ ते २००४ ही वर्षं आहेत, आणि लिनक्सच्या दस्तऐवजांत गेमपॅडची दिशांवर आधारलेली मांडणी २०१३मध्ये लिहिली गेली. तेव्हा दिशांचा नियमच नव्हता, त्यामुळे त्याला दोष देण्यात अर्थ नाही. आता तो बदलताही येत नाही, कारण त्यावर विसंबून लोकांनी आपापल्या सेटिंग जुळवून ठेवल्या आहेत.

सहकाऱ्याचं म्हणणं होतं, पॅडवर ए छापलंय, माणूस ए दाबतो, मग ए च कळवा. माझं म्हणणं असं की ड्रायव्हरला प्लास्टिकवरचं अक्षर दिसत नाही आणि खेळाला ते माहीत नाही. खेळ लिहिणारा "खालचं बटण म्हणजे उडी" असा अंगठ्याचा विचार करतो. पॅड बदलला तरी अंगठ्याने तिथेच जावं. शिवाय पुढचा दाखला समोर होता: निंटेंडोच्या स्विचच्या पॅडसाठी लिनक्स ५.१६मध्ये आलेला ड्रायव्हर ए ला ईस्ट आणि बी ला साउथ असंच कळवतो. आमच्या पॅडने त्याच्याशी वेगळं वागण्याचं कारण नव्हतं.

आम्ही दिशा धरली. पण त्याचा मुद्दा खोटा ठरला नाही. आमच्या मेनूत साउथ म्हणजे "ठीक", त्यामुळे या पॅडवर बी दाबून पर्याय निवडला जाऊ लागला, आणि निंटेंडोवर वाढलेल्या माणसाचा हात "ठीक"साठी उजवीकडच्या ए वर जातो. चाचणीला बसलेला प्रत्येक जण पहिल्या मिनिटात मेनूतून बाहेर पडला. उत्तर मेनूच्या सेटिंगमध्ये दिलं: "ठीक" साउथवर की ईस्टवर, ते वापरणाऱ्याने ठरवावं. ही माणसाची आवड आहे आणि ती वरच्या थरात राहायला हवी. ड्रायव्हरमध्ये ती घातली असती तर कोणीच बदलू शकलं नसतं.

दिशांच्या चार बटणांबद्दलही असाच छोटा निर्णय होता. जुने ड्रायव्हर ती अक्ष म्हणून कळवतात, जणू जॉयस्टिकच आहे. या पॅडमध्ये चार वेगळे स्विच आहेत, म्हणून चार वेगळी डी-पॅड बटणं कळवली. झिजलेल्या पॅडवर डावं आणि उजवं एकदम दाबलं जाऊ शकतं. अक्ष वापरला तर ते शून्य होऊन गायब होतं. वेगळी बटणं असतील तर जे घडलं ते दिसतं.

किती वेळा विचारायचं

मूळ कन्सोल दर फ्रेमला एकदा, म्हणजे सेकंदाला सुमारे ६० वेळा पॅड वाचतो. मीही १६ मिलिसेकंद लिहून मोकळी झाले. तरी खेळ किंचित चिकट वाटत होता. मोजलं, तर प्रत्यक्षात सेकंदाला सुमारे ५०च वाचनं होत होती. आमच्या कर्नेलचा टाइमर सेकंदाला १०० टिकचा होता, एक टिक १० मिलिसेकंदांची, आणि १६ मिलिसेकंद वर गोल होऊन २० व्हायचे. साठ फ्रेमपैकी दहांना ताजं वाचनच मिळत नव्हतं.

टाइमर २५०वर नेला आणि अंतर ८ मिलिसेकंद केलं. ६० पेक्षा जास्त वेळा वाचायचं कारण असं की मूळ कन्सोलमध्ये वाचन आणि फ्रेम एकाच घड्याळावर चालतात, इथे दोन घड्याळं वेगळी आहेत. १६ मिलिसेकंदांवर बटण जवळजवळ एक अख्खी फ्रेम शिळं असू शकतं, ८ वर अर्धी. किंमत अशी: एक वाचन सुमारे २१० मायक्रोसेकंदांचं, सेकंदाला १२५ वाचनं, म्हणजे एका कोरचा सुमारे २.६ टक्के वेळ फक्त क्लॉक मोजण्यात. ४ मिलिसेकंदांवर तो दुप्पट झाला असता आणि हाताला फरक कळला नसता. हा आकडा सिसएफएसमधून (कर्नेलच्या सेटिंग फाइलींसारख्या दाखवणाऱ्या जागेतून) बदलता येतो, ज्याला हवं त्याने बदलावा.

नाव

शेवटी एक बारीक गोष्ट, जी मला आधी माहीत असायला हवी होती. असा जीपीआयओवरचा पॅड यूएसबीसारखा उत्पादक-क्रमांक घेऊन येत नाही. अशा वेळी खेळांत वापरली जाणारी एसडीएल लायब्ररी डिव्हाइसची ओळख त्याच्या नावाच्या अक्षरांवरून तयार करते आणि बटणांची जुळवणी त्या ओळखीखाली साठवते. मी मध्येच एकदा नावातला हायफन काढला. दुसऱ्या दिवशी चाचणीच्या मशीनवरच्या सगळ्या जुळवण्या हरवल्या होत्या. डिव्हाइसच्या नावाची स्ट्रिंग मला तोवर सजावट वाटत होती. हायफन परत घातला, आणि कोडमध्ये त्या ओळीच्या वर टिपण लिहिलं की हे नाव बदलू नये, का बदलू नये, आणि बदललं तर कोणाचं काय मोडेल.

ड्रायव्हर आता अडीचशे ओळींच्या आत आहे. सतराव्या बिटाचा कोड त्यात नाही, पण त्याच्याबद्दलचं टिपण आहे: क्लोन पॅडवर तो वर असतो, त्यावरून काही ठरवू नये. पुढे कोणीतरी माझ्यासारखाच तो बिट शोधून काढेल आणि त्यालाही ते उत्तर तितकंच सुंदर वाटेल. त्याच्या हाती आधी ते टिपण पडावं, म्हणून ते वाचनाच्या फंक्शनच्या अगदी माथ्यावर ठेवलं आहे. तो क्लोन पॅड मी सहकाऱ्याकडून मागून घेतला. प्रत्येक नवी आवृत्ती आता आधी त्याच्यावर चालते, मूळ पॅडवर नंतर.